अकरा टक्के

गळ्यात बिल्ला: मिस कडपे, स्पीकर.
खडपे, मी म्हटलं, एच गळालाय.
तिथल्या मुलीने हसून नवा छापून दिला.
एच आला, पण शेवटी.

मस्कतच्या त्या सभागृहात थंडी इतकी
की पहिल्या रांगेतले पांढऱ्या दिश्दाशातले साहेब
हात बाह्यांत ओढून बसलेले.
बाहेर त्रेचाळीस.
आत तीनशे जण, सगळे माझ्याच धंद्यातले:
माणसं घेणारे, माणसं मोजणारे,
‘बसा ना’ म्हणत
पाकीट पुढे सरकवणारे.

माझा विषय, माणसं टिकवावी कशी.
वीस मिनिटं, अठरा स्लाइड.
नववीवर माझा लाडका आलेख,
गळती सव्वीस टक्क्यांवरून अकरावर,
निळी रेघ, उतारावर सोडलेल्या सायकलीसारखी.
टाळ्या तिथेच पडल्या.

मागे काचेच्या खोलीत
माझं बोलणं अरबीत नेणारी बाई.
मी थांबले की दोन क्षणांनी थांबायची.
मी विनोद केला, अर्धं सभागृह हसलं,
उरलेलं तिच्या परवानगीने, उशिरा.

मग प्रश्न. सोहारच्या कुठल्याशा कारखान्यातला मुलगा,
दाढी नुकती धरू लागलेली,
‘मॅडम, पण तुम्ही नेमकं काय केलंत?’
मी म्हटलं, संवाद.
काचेआड ती थांबली.
दोन क्षण नाही, चार.
मग तो शब्द उचलून तिने पलीकडे ठेवला,
उष्टा कप ठेवतात तसा.

चहाला भेटली. सुदानची, इब्तिसाम नाव,
साठीच्या पुढची, बोटांवर जुनी मेंदी.
म्हणाली, तुमच्या खात्याला आमच्यात मवारिद म्हणतात.
साधनं, संपत्ती वगैरे, कागदावर.
उंटवाल्यांचा जुना अर्थ वेगळा.
तहानलेलं येतं, पितं,
आणि जातं, ती जागा.
‘जातं’ म्हणताना तिने बिस्किट बुडवलं
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

पाणवठा, मी म्हटलं. आमच्याकडे पाणवठा.
तिने दोनदा म्हणून पाहिलं. पानवता. पानवता.

बाबा विट्याला नगरपालिकेचं पाणी सोडायचे.
खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी,
पहाटे साडेतीनला गल्लीगल्लीत
झाकण सरकवून वाकायचे.
कुणाला किती वेळ, तोंडपाठ.
बावीस वर्षं रोजंदारीवर.
त्यांची फाईल कुठल्याच खात्यात नव्हती.
गळती हा शब्द मी त्यांच्या तोंडून शिकले,
तेव्हा तो फक्त पाइपाचा होता.

चावी माझ्याकडेही आहे.
रुवीचं ऑफिस, डावीकडचं तिसरं कपाट,
एकशे बारा पासपोर्ट.
दहा-दहाचे गठ्ठे, रबरबँड लावून,
बांगलादेशी हिरवे, आपले निळे,
वर दोन सुटे.
‘सुरक्षित राहावेत म्हणून’
असं त्यांच्याकडूनच लिहून घेतलंय, सहीनिशी,
ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा.
हे कपाट आलं त्याच वर्षी
सव्वीसचे अकरा झाले.
अठरा स्लाइडांत त्याचा फोटो नाही.

रात्री बाबांना फोन.
झालं का भाषण? माणसं होती का?
टेबलावर पाणी ठेवलं होतं का तुझ्या?
तीन बाटल्या, म्हटलं.
खूश झाले.
मग मीच विचारलं,
बाबा, व्हॉल्व्ह जाम झाला की काय करायचात?
काय करणार? जोर नाही लावायचा, चावी मोडते.
जरा मागं, जरा पुढं, हलवत ऱ्हायचं.
आणि आधी कान लावायचा, बये.
आत पाणी असलं की कळतं.

रविवार, सकाळचे सात.
एसी अजून लावलेला नाही.
मिस खडपे, एच जागच्या जागी,
तिसऱ्या कपाटाला कान लावून उभी.